कंप : गमक की दोष?

फोनवर एखादी अनोळखी व्यक्ती बोलू लागली, की ती तरुण आहे की वयस्क, हे आपण दोन-चार वाक्यांत ओळखतो. चेहरा दिसत नाही, केस काळे की पांढरे ते कळत नाही, तरी अंदाज सहसा चुकत नाही. आवाज थोडा कोरडा झालेला असतो, वाक्याच्या शेवटी श्वास कमी पडतो आणि लांबवलेला शब्द किंचित हेलकावतो. या हेलकाव्यालाच आपण ‘आवाजाला कंप सुटला’ असे म्हणतो.

बोलताना एवढ्याने काही बिघडत नाही. पण ज्याला तंबोऱ्याच्या साथीने एकाच स्वरावर दहा-बारा सेकंद निश्चल उभे राहायचे आहे, त्या गायकाने काय करावे? पुण्याच्या श्रोत्यांना हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाही. डिसेंबर २००७ च्या सवाई गंधर्व महोत्सवात पंडित भीमसेन जोशी गायले, तेव्हा ते ८५ वर्षांचे होते. डॉ. प्रभा अत्रे नव्वदी ओलांडल्यावरही मैफलीत गात होत्या. दोघांचेही घराणे किराणा, म्हणजे एकेका स्वरावर थांबून राग उलगडणारे. जिथे स्वराचा स्थिरपणा हेच भांडवल, तिथे हे भांडवल इतकी वर्षे पुरते कसे? दोन उदाहरणांवरून नियम बांधता येत नाही, पण प्रश्न मात्र नीट विचारता येतो. त्यासाठी आपण थोडे मागे, म्हणजे सुमारे आठशे वर्षे मागे जाऊ.

देवगिरीचा हिशेबनीस

तेराव्या शतकात देवगिरीला यादव राजा सिंघण याच्या दरबारी शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. त्याच्याकडे राज्याच्या जमाखर्चाचे काम होते. त्याने लिहिलेला ‘संगीतरत्नाकर’ हा संस्कृत ग्रंथ आजही भारतीय संगीताच्या अभ्यासाचा पाया मानला जातो. हिशेबनिसाची काटेकोर नजर या ग्रंथात जागोजागी दिसते.

ऐकणाऱ्याला सुख देणारा स्वराचा कंप म्हणजे गमक, अशा अर्थाची व्याख्या करून शार्ङ्गदेवाने गमकाचे पंधरा प्रकार सांगितले आहेत. त्यांतील काही प्रकार त्याने चक्क वेगावरून वेगळे केले. ‘आंदोलित’ गमकाच्या एका हेलकाव्याला एक लघु एवढा वेळ, ‘लीन’ गमकाला एक द्रुत, ‘कंपित’ला अर्धा द्रुत, ‘स्फुरित’ला द्रुताचा तिसरा भाग आणि ‘तिरिप’ला चौथा भाग. द्रुत म्हणजे लघुच्या निम्मा वेळ, आणि लघु म्हणजे पाच ऱ्हस्व अक्षरे उच्चारायला लागणारा वेळ.

आता थोडे गणित करू. पाच ऱ्हस्व अक्षरांना सुमारे एक सेकंद लागतो असे धरले, तर आंदोलित सेकंदाला एक वेळा, लीन दोन वेळा, कंपित चार वेळा, स्फुरित सहा वेळा आणि तिरिप आठ वेळा हलते. पाश्चात्त्य गायनात ज्याला ‘व्हायब्रॅटो’ म्हणतात, त्या स्वरकंपाचा वेग विसाव्या शतकात उपकरणांनी मोजला गेला. तो साधारण सेकंदाला पाच ते सात इतका निघाला. म्हणजे आपल्या स्फुरिताच्या आसपास! सेकंदकाटा नसलेल्या काळात केवळ अक्षरांच्या मापाने केलेली ही विभागणी आहे.

गंमत याच्या पुढे आहे. याच ग्रंथात गायकाचे पंचवीस दोष सांगितले आहेत. दात आवळून गाणारा, घाबरत गाणारा, नाकात गाणारा, अशी ती यादी आहे. त्या यादीत पुन्हा एक शब्द भेटतो : ‘कंपित’. ज्याचा आवाज आणि अंग स्वभावतःच कापते, तो कंपित गायक. एकच शब्द एका प्रकरणात अलंकार आहे आणि दुसऱ्यात दोष. फरक कोणता? गमकाचा कंप गायक हवा तेव्हा, हव्या त्या वेगाने आणतो आणि हवा तेव्हा थांबवतो. दोषातला कंप आपोआप येतो आणि थांबवू म्हटले तरी थांबत नाही. आजचा संशोधकही म्हाताऱ्या आवाजातील कंपाकडे पाहताना हेच विचारतो, की कंप आहे की नाही यापेक्षा तो गायकाच्या ताब्यात आहे का?

३ हर्ट्झचा फरक आणि १६ हर्ट्झचा हेलकावा

हा ताबा आपल्या संगीतात इतका महत्त्वाचा का, हे समजायला विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा एक प्रयोग उपयोगी पडतो. सेवानिवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचे गणित मांडायचे ठरवले. त्यांच्या मदतीला किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ होते. खाँसाहेब गात आणि देवल त्या स्वरांच्या कंपनसंख्या ठरवण्याचा प्रयत्न करत. या विषयावरील देवलांची इंग्रजी पुस्तिका १९१० साली पुण्याहून प्रसिद्ध झाली. ई. क्लेमंट्स या सनदी अधिकाऱ्याने हे काम पुढे नेले आणि श्रुतींची खास पेटीही तयार झाली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत या पेटीवरून मोठा वाद झाला, आणि श्रुतींच्या नेमक्या जागांबद्दल विद्वानांत आजही एकमत नाही. आपल्याला इथे त्या वादात शिरायचे नाही; त्यातली फक्त एक संख्या उचलायची आहे.

षड्ज २४० हर्ट्झवर धरू. ९/८ या गुणोत्तराने येणारा ऋषभ २७० हर्ट्झचा, तर १०/९ या गुणोत्तराने येणारा, एक श्रुती उतरलेला ऋषभ २६६.७ हर्ट्झचा. दोहोंत फरक जेमतेम ३.३ हर्ट्झचा. पेटीच्या दोन लागोपाठच्या पट्ट्यांमधील अंतराचे शंभर भाग केले, तर प्रत्येक भागाला ‘सेंट’ म्हणतात. या मापाने वरचा फरक सुमारे २२ सेंट भरतो.

आता हाच २७० हर्ट्झचा ऋषभ पाश्चात्त्य पद्धतीच्या स्वरकंपाने गायला तर काय होईल? अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात कार्ल सीशोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गायकांच्या ध्वनिमुद्रणांचे आलेख काढून १९३२ साली या विषयावर एक मोठा संग्रह प्रसिद्ध केला. त्यांना कंपाचा सरासरी वेग सेकंदाला साडेसहाच्या आसपास आढळला आणि हेलकाव्याची एकूण रुंदी सुमारे एका पट्टीएवढी, म्हणजे मधल्या स्वराच्या वर ५० आणि खाली ५० सेंट. आपल्या ऋषभासाठी हा हेलकावा २६२ ते २७८ हर्ट्झ एवढा, म्हणजे १६ हर्ट्झचा होतो! कान अशा जलद हेलकाव्यातून एक सरासरी स्वर ऐकतो, म्हणून ऑपेरा ऐकताना गायक बेसूर वाटत नाही. तिथे पूर्ण वाद्यवृंदावरून आवाज पोचवायचा असतो आणि कंपाने आवाज ऊबदार, भरलेला वाटतो. आपल्याकडे मात्र शेजारी तंबोरा अखंड वाजत असतो. त्याच्या जवारीतून निघणाऱ्या असंख्य आवर्तनांशी गायकाचा स्वर क्षणोक्षणी ताडून पाहिला जातो. ३ हर्ट्झचा फरक दाखवायचा असेल, तर १६ हर्ट्झचा हेलकावा परवडत नाही.

उतारवयात हा हेलकावा मंद आणि रुंद होत जातो. सेकंदाला पाचाच्या खाली वेग आला, की कानाला सरासरी काढता येत नाही. स्वर वर-खाली जाताना स्पष्ट ऐकू येतो. त्यात रुंदी दुप्पट झाली, तर तोच ऋषभ २५५ पासून २८६ हर्ट्झपर्यंत झोके घेतो. १६/१५ गुणोत्तराचा कोमल ऋषभ येतो २५६ हर्ट्झवर. म्हणजे गायक शुद्ध ऋषभ लावतो आहे आणि प्रत्येक झोक्याला कोमल ऋषभाच्या अंगणात पाऊल पडते आहे. एका रागाच्या घरातून दुसऱ्या रागाच्या घरात!

तबकडीची साक्ष

एकाच गायकाचा तरुणपणाचा आणि म्हातारपणाचा आवाज शेजारी शेजारी ठेवून ऐकणे ही सोय माणसाला फार उशिरा मिळाली. भारतात १९०२ साली कलकत्त्यात पहिली व्यावसायिक ध्वनिमुद्रणे झाली. अब्दुल करीम खाँच्या काही तबकड्या १९०५ च्या सुमाराच्या आहेत, तर त्यांच्या प्रसिद्ध तबकड्या १९३० च्या दशकाच्या मध्यातल्या, त्यांच्या साठीनंतरच्या. १९३७ साली ते वारले. साठीनंतरच्या त्या ध्वनिमुद्रणांतला बारीक, सरळ, तारेसारखा स्वर आजही ऐकण्यासारखा आहे.

मात्र अशी तुलना करताना सावध राहायला हवे. जुन्या तबकड्या नेमक्या कोणत्या वेगाने कोरल्या गेल्या, हे नेहमी ठाऊक नसते. तबकडी मूळ वेगापेक्षा ५ टक्के जलद फिरवली, तर स्वर ८४ सेंटने, म्हणजे जवळजवळ एका पट्टीने चढतो आणि कंपाचा वेगही ५ टक्क्यांनी वाढतो. म्हातारा गायक थोडा तरुण होतो! त्यामुळे जुन्या तबकडीवरून ‘त्या काळी अमुक इतक्या वरच्या पट्टीत गात’ असे म्हणण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

गळ्यात काय घडते?

जिवंत माणसाचे स्वरयंत्र काम करताना पाहण्याची युक्ती १८५४ साली मान्युएल गार्सिया या गायनशिक्षकाला सुचली. छोटा आरसा घशात धरून आणि त्यावर सूर्यप्रकाश पाडून त्याने स्वतःचेच स्वरतंतू पाहिले. पुढे १९७४ साली जपानच्या मिनोरू हिरानो यांनी स्वरतंतूची रचना उलगडली : आत स्नायूचा गाभा आणि त्यावर सैल, लवचीक थरांचे आवरण. आवाज निर्माण होताना हे आवरण लाटेसारखे हलते.

वय वाढते तसा गाभ्याचा स्नायू बारीक होतो आणि आवरणातले लवचीक तंतू कमी होतात. दोन स्वरतंतूंमध्ये फट राहते आणि तिच्यातून हवा वाया जाते. स्वरयंत्राच्या कूर्चा हळूहळू हाडासारख्या टणक होतात. बरगड्यांचा पिंजरा ताठर होतो, म्हणून श्वासाचा साठाही घटतो. स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतर आवाज बहुधा खाली उतरतो; वृद्ध पुरुषांचा बोलण्याचा आवाज पुष्कळदा किंचित चढतो.

पण या सगळ्यातून कंप का निर्माण व्हावा? नवशिक्या सायकलस्वाराचे उदाहरण घेऊ. सायकल डावीकडे कलली हे त्याला कळते, तो सावरण्यासाठी हँडल डावीकडेच वळवतो, पण थोडे उशिरा आणि थोडे जास्त. मग सायकल उजवीकडे कलते. पुन्हा उशिरा, पुन्हा जास्त. सायकल नागमोडी चालते. गळ्यातही स्वर ताणणारे आणि सैल सोडणारे स्नायू प्रतिक्षिप्त क्रियेने एकमेकांना सावरत असतात. संदेश मज्जातंतूंतून जाऊन स्नायू आकसेपर्यंत थोडा वेळ लागतो. या उशिरामुळे आणि दुरुस्तीच्या जोरामुळे स्वर आपोआप हेलकावू लागतो, अशी उपपत्ती इंगो टिट्झे आणि सहकाऱ्यांनी २००२ साली मांडली. वयाने स्नायू मंद झाले, की उशीर वाढतो आणि हेलकावा मंद होतो; आधार सैल झाला, की तो रुंद होतो.

नवशिक्या सायकलस्वार घाबरून हँडल घट्ट आवळतो आणि जास्तच झोकांड्या खातो. कापणारा आवाज थांबवण्यासाठी गळा आवळणारा गायक तेच करतो. दुरुस्तीचा जोर वाढतो, म्हणून कंपही वाढतो. शार्ङ्गदेवाच्या दोषांच्या यादीत दात आवळून गाणारा आणि कापऱ्या आवाजाचा गायक जवळजवळ बसले आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

भार कमी करणे

मग गायकांनी काय केले? घराण्यांतून आणि रियाजाच्या खोल्यांतून जे शहाणपण चालत आले, ते आजच्या ज्ञानाच्या उजेडात पाहिले, तर त्याचे एक सूत्र दिसते : कंपाशी झगडू नका, गळ्यावरचा भार कमी करा.

पहिला उपाय पट्टी उतरवणे. आपल्या संगीतात षड्ज ठरलेला नसतो, तो गायकाचा असतो. हे मोठे वरदान आहे. तारेचा ताण वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, हे आपण शाळेत शिकवतो. पांढरी दोनमध्ये गाणारा गायक पांढरी एकला आला, की वारंवारता सुमारे ११ टक्क्यांनी कमी होते आणि त्याच लांबीच्या तारेचा ताण २१ टक्क्यांनी, म्हणजे एक-पंचमांशाने घटतो. स्वरतंतू म्हणजे साधी तार नव्हे, तरी दिशा हीच. गंगुबाई हनगल यांच्या १९३० च्या दशकातल्या तबकड्यांत उंच, बारीक आवाज आहे. पुढे त्यांचा आवाज उतरून भारदस्त झाला. त्यांनी गेलेला आवाज ओढून आणण्याचा हट्ट धरला नाही. नव्या आवाजाला शोभेल असे गाणे उभे केले आणि दीर्घकाळ गायले.

दुसरा उपाय खर्जाचा रियाज. पहाटे मंद्र सप्तकात, हलक्या आवाजात, लांब श्वासाने स्वर लावणे. खालच्या स्वरांत ताण कमी असतो, म्हणून सावरण्याची सवय कमी जोरात घडवता येते. शिवाय श्वास पुरवून वापरण्याचा, म्हणजे दमसासाचा, व्यायाम होतो. मिटलेल्या ओठांचा गुंजारव आणि ओंकारही याच जातीचे. तोंड जवळजवळ बंद असताना मागे साठणारा हवेचा दाब स्वरतंतूंना कमी आघातात कंप पावायला मदत करतो. पाश्चात्त्य आवाजतज्ज्ञ त्यासाठी पाण्यात नळी धरून फुंकायला लावतात. ज्येष्ठ समूहगायकांवर ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच आठवडे ठरावीक आवाज-व्यायाम केल्यावर स्वर टिकवण्याचा काळ वाढला आणि आवाजाची खरखर कमी झाली. म्हणजे वाढत्या वयातही व्यायामाचा उपयोग होतो.

तिसरा उपाय गाण्याची बांधणी बदलणे. तार षड्जावर फार वेळ उभे न राहता तिथे स्पर्श करून परत येणे, लांब स्वराऐवजी मींड घेणे, दोन वाक्यांत विसावा ठेवणे, मागे तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्याला स्वर भरू देणे. ध्वनिवर्धकामुळे आणखी एक सोय झाली : मोठ्याने गायची गरज उरली नाही, म्हणून फुप्फुसांतून द्यावा लागणारा दाबही कमी झाला. भार कमी करण्याची ही युक्ती केवळ म्हातारपणाची नाही. क्षयाने एक फुप्फुस दुबळे झाल्यावर कुमार गंधर्वांनी लहान लहान स्वरवाक्यांची जी गायकी उभी केली, तिच्यामागेही असाच विचार होता.

कुमारांचे गुरू प्रा. बी. आर. देवधर (१९०१–१९९०) हे आवाजाचा शास्त्रीय अंगाने विचार करणाऱ्या आपल्याकडच्या पहिल्या संगीतशिक्षकांपैकी एक. १९२५ साली त्यांनी मुंबईत संगीत विद्यालय काढले. पाश्चात्त्य पद्धतीही त्यांनी अभ्यासली होती. त्यांच्याकडे आवाजसाधनेचे धडे घेतलेले डॉ. अशोक रानडे यांनी हा विषय विद्यापीठापर्यंत आणि रंगभूमीपर्यंत नेला. आवाज ही दैवी देणगी असेल, पण तिची निगा माणसानेच राखायची असते, ही दृष्टी या परंपरेने मराठी संगीतात रुजवली.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. प्रत्येक कंप वयाचा किंवा तंत्राचा नसतो. कंप अचानक आला, बोलतानाही राहिला, त्याबरोबर हातही थरथरू लागले, तर तो पार्किन्सनसारख्या मज्जासंस्थेच्या आजाराचा भाग असू शकतो. तिथे रियाज वाढवण्यात वेळ घालवू नये. कान-नाक-घसा तज्ज्ञाला आणि मज्जातज्ज्ञाला दाखवावे. दोन-तीन आठवडे टिकणाऱ्या घोगरेपणालाही हाच नियम.

वर्गात करून पाहू

विषय गायकांचा असला, तरी रोज चार-पाच तास आवाजावर पोट असणारा मोठा वर्ग आपणा शिक्षकांचाच आहे. तेव्हा काही साधे प्रयोग सुचवतो.

१. २५६ हर्ट्झचे दोन नादकाटे घ्या. एकाच्या टोकाला थोडे मेण लावा आणि दोन्ही एकदम वाजवा. आवाज लहान-मोठा होताना ऐकू येईल. हे विस्पंद मोजा. सेकंदाला तीन आले, तर देवलांच्या दोन ऋषभांमधला फरक साधारण तेवढाच होता, हे मुलांना सांगा.

२. मोबाइलवर स्वराची वारंवारता दाखवणारी मोफत साधने मिळतात. मुलांनी घरी स्वतःचा आणि आजी-आजोबांचा पाच सेकंदांचा ‘आ’ ध्वनिमुद्रित करावा. आलेखातली रेषा सरळ आहे की नागमोडी? सेकंदाला किती वळणे? कोणाचा आवाज चांगला हे ठरवायचे नाही, फक्त मोजायचे आहे.

३. तोच ‘आ’ आधी उंच स्वरात, मग चार पट्ट्या खाली. आधी जोरात, मग हलक्या आवाजात. कोणत्या वेळी रेषा सर्वांत सरळ येते?

४. शेवटी मुलांना मुद्दाम आवाज हलवायला सांगा आणि मग हात वर करताच थांबवायला सांगा. ज्याला थांबवता आला, त्याच्या कंपाला शार्ङ्गदेव गमक म्हणाला असता.

तिसऱ्या प्रयोगाचे उत्तर आम्ही मुद्दाम दिलेले नाही. एक प्रश्न मात्र त्याला जोडून ठेवतो. शाळेची प्रार्थना कोणत्या पट्टीत म्हणायची, हे आपल्याकडे कोण ठरवते? बहुतेक शाळांत पेटी वाजवणाऱ्याचा हात जिथे बसला, ती पट्टी. पाचवीतली मुले, आवाज फुटलेले नववीतले मुलगे आणि निवृत्तीला आलेल्या बाई यांना एकाच पट्टीत उभे करण्यापूर्वी एकदा तरी मोजून पाहायला हवे, की त्यांतल्या किती जणांना तिथे गळा आवळावा लागतो.